मुरुमांसाठी आधी काय कमी करावं: साखर की दूध?

चेहऱ्यावर मुरुमं दिसली की सल्ल्यांना तोटा नसतो. तळलेलं बंद कर, चॉकलेट सोड, दूध टाळ. सगळं एकदम सोडलं तर गुण कशाने आला ते कळत नाही, आणि तसं खाणं फार दिवस निभतही नाही. तेलकट पदार्थ तर बाजूलाच ठेवा. खाल्लेलं तेल थेट त्वचेच्या तैलग्रंथींत जाऊन बसत नाही. थोडाफार आधार आहे तो दोनच उपायांना.

पहिला म्हणजे साखर, मैदा, गोड पेयं कमी करणं. हे पदार्थ रक्तातली साखर झपाट्याने वाढवतात, पाठोपाठ इन्शुलिन वाढतं. त्यामुळे आयजीएफ-१ (वाढीला चालना देणारं संप्रेरक) आणि अँड्रोजेन (पुरुषी संप्रेरकं) यांना जोर मिळतो, तैलग्रंथी जास्त तेल सोडतात आणि छिद्रं बुजतात. ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. रक्तातली साखर सावकाश वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरुम सरासरी २३.५ ने घटले, नेहमीसारखं खाणाऱ्यांचे १२ ने. फक्त एक मेख आहे: पहिल्या गटाचं वजनही उतरलं होतं, तेव्हा श्रेय एकट्या साखरेला देता येत नाही.

दुधाची बाजू याहून कमकुवत आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या ४७ हजारांहून अधिक परिचारिकांना शाळेच्या वयातलं खाणं आठवायला सांगितलं गेलं. दूध जास्त पिणाऱ्यांत तीव्र मुरुमांचं प्रमाण थोडं जास्त निघालं, पण इतक्या वर्षांपूर्वीच्या आठवणीवर किती भिस्त ठेवायची? गंमत अशी की हा संबंध साय काढलेल्या दुधाशी अधिक दिसला. म्हणजे स्निग्धांशाकडे बोट दाखवता येत नाही. दूध रक्तातली साखर फारशी चढवत नाही, इन्शुलिन मात्र चढवतं.

सोडण्याची किंमतही सारखी नाही. साखर कमी केल्याने कुणाचं काही बिघडत नाही. दूध सोडलं तर कॅल्शियम आणि बी-१२ दुसरीकडून मिळवावं लागतं, आणि मुरुमं येतात नेमकी हाडं वाढण्याच्या वयात. म्हणून माझा कौल आधी साखरेला. दिवसाला दोन-तीन ग्लास दूध पीत असाल, तरच नंतर दूध बंद करून पाहावं. व्यायामासाठी व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची पूड) घेत असाल, तर दुधाच्याही आधी ती थांबवा. ती सुरू केल्यावर मुरुमं उसळल्याच्या नोंदी आहेत, आणि ती सोडणं सोपंही आहे.

कोणताही बदल १२ आठवडे तरी टिकवा, त्याआधी निकाल लावू नका. सुरुवातीला आणि शेवटी एकाच उजेडात फोटो काढा, कारण आरशात रोज पाहून फरक जाणवत नाही. फरक वाटला तर तो पदार्थ पुन्हा सुरू करून बघा. मुरुमं परतली, तर संशय पक्का.

हे सगळं औषधांच्या जोडीला. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत बेंझॉइल पेरॉक्साइड आणि अ‍ॅडापॅलीनसारख्या रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाशी नातं सांगणाऱ्या) मलमांची ठाम शिफारस आहे. आहाराबाबत मात्र पुरावा अपुरा म्हणून शिफारसच केलेली नाही. गाठी खोल असतील, व्रण पडत असतील, किंवा मुरुमांबरोबर मासिक पाळीही अनियमित असेल, तर ताटातले प्रयोग करत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.