वाफेच्या हीटिंगचं जुनं घर आणि आमचे १३,७०० डॉलर

न्यू जर्सीत जुनं घर घेतलं असेल, बेसमेंटमध्ये वाफेचा बॉयलर असेल आणि एखादी खोली काही केल्या तापत नसेल, तर कोणालाही एक डॉलर देण्याआधी हे वाचा. आमचे १३,७०० डॉलर गेले. ज्या कामाने खोली शेवटी गरम झाली, त्याचे झाले ४१० डॉलर.

घर १९२६ चं, एसेक्स काउंटीतलं. एका पाइपवर चालणारी वाफ (त्याच पाइपने वाफ वर जाते आणि पाणी होऊन परत उतरते), खोल्या तापवणारे सात लोखंडी रेडिएटर. पुढच्या खोलीत भर जानेवारीत खिडकी उघडावी लागायची आणि मागच्या खोलीतल्या रेडिएटरचा पहिला कप्पा तेवढा कोमट व्हायचा. त्या खोलीत सासूबाई राहत होत्या, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. स्वेटर, शाल, कानटोपी घालून झोपायच्या आणि विचारलं की "अगं, मला काही होत नाही" म्हणायच्या. ते ऐकून जीव तुटायचा, म्हणून घाई केली.

नंबर आपल्याच मराठी ग्रुपवर मिळाला. तिघाचौघांनी "चांगला माणूस, बिनधास्त बोलवा" असं लिहिलं होतं. त्या सगळ्यांची घरं नवी, गरम हवेच्या फर्नेसची. वाफेचं काम त्याच्याकडून एकानेही करून घेतलेलं नव्हतं. शिफारस करणाऱ्याला आधी विचारा, तुझ्या घरात काय आहे?

तो आला, थेट बेसमेंटमध्ये उतरला, बॉयलरजवळ मीटर धरला. मीटर वाजला. म्हणाला, कार्बन मोनॉक्साइड आहे, आज रात्री हा चालवू नका. घरात चार वर्षांचा मुलगा, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, बाहेर उणे तापमान. आमचा भिंतीवरचा अलार्म गप्प होता, तसं मी बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तो उशिराच वाजतो." ते खोटंही नाही. ७० पीपीएमला (हवेत दहा लाख भागांत ७० भाग वायू) घरातला अलार्म एक ते चार तासांच्या आत वाजेल असाच बनवलेला असतो. खोट्यात एवढं खरं मिसळलं की कोणाचाही विश्वास बसतो. अशा वेळी ताबडतोब घराबाहेर पडून गॅस कंपनीच्या तातडीच्या नंबरवर फोन करायचा. त्यांचा माणूस येऊन मोजतो आणि त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यावरून मला अजून झोप लागत नाही. त्याने विचारलं, "घर किती स्क्वेअर फूट?" नवऱ्याने आकडा सांगितला, त्याने लिहून घेतला आणि किचनच्या टेबलावर एस्टिमेट मांडलं. तो जिना चढलाच नाही. एकही रेडिएटर पाहिला नाही. वाफेचा बॉयलर घराच्या क्षेत्रफळावर ठरत नाही, तो रेडिएटरच्या बेरजेवर ठरतो. प्रत्येक रेडिएटरची उंची, कप्पे, नळ्या मोजून त्याचे वाफेचे स्क्वेअर फूट काढतात, एका स्क्वेअर फुटाला ताशी २४० बीटीयू (उष्णतेचं माप) धरतात, आणि हीच बेरीज बॉयलरच्या पाटीवरच्या आकड्याशी जुळवतात. गार खोली वर होती आणि हा माणूस खालून निदान करून मोकळा झाला: "बॉयलर लहान पडतोय, म्हणून वाफ मागे पोचत नाही." ऐकायला किती पटतं! पुण्यात वाढलेल्या माणसाला बॉयलर म्हणजे बाथरूममधला गीझर. आम्हाला हे कुठून माहीत असणार? इथेच जन्मलेल्या आमच्या शेजाऱ्यालाही माहीत नव्हतं.

बॉयलर १२,४०० डॉलर, परमिट ४५० डॉलर, एकूण १२,८५०. अर्धे, म्हणजे ६,४२५, झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) लगेच. राज्याच्या वेबसाइटवर त्याच्या नोंदणीचा नंबर आम्ही तपासला होता, चालू होता. कोणी म्हणू नये की आम्ही डोळे मिटून पैसे दिले. पण १३ व्हीएचने सुरू होणारा नंबर ही नुसती होम इम्प्रूव्हमेंटची नोंदणी असते, त्यासाठी काम येतं की नाही याची परीक्षा नसते. हीटिंगचं लायसन्स वेगळं, त्याचा नंबर १९ एचसीने सुरू होतो. ते मागा. प्लंबर असेल तर मास्टर प्लंबरचं मागा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याची माणसं हजर. थंडीत थांबवत नाही, किती तत्पर माणूस, असं आम्हाला वाटलं. कारण नंतर कळलं. या राज्यात ५०० डॉलरच्या वरचं घराचं काम लेखी कराराशिवाय चालत नाही, कराराची प्रत मिळाल्यापासून तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तो रद्द करता येतो, आणि हे करारातच ठळक अक्षरांत छापलेलं असावं लागतं. आमच्या कागदावर ते नव्हतं. ती मुदत संपायच्या आत जुना बॉयलर तुकडे होऊन ट्रकमध्ये गेला होता. पुरावाच गेला.

नव्या बॉयलरला चकचकीत तांब्याचे पाइप जोडले. वाफेच्या बॉयलरजवळचे पाइप लोखंडी हवेत, मॅन्युअलमधल्या चित्राप्रमाणे हेडर (वाफ गोळा करणारा आडवा पाइप) आणि इक्वलायझर (त्यातलं पाणी परत बॉयलरमध्ये उतरवणारा पाइप) हवा, नाहीतर वाफेबरोबर पाणी वर चढतं. पहिल्याच रात्री पाइपांत घण पडू लागले. मुलगा रडत उठला. बॉयलर दर काही मिनिटांनी बंद होऊन परत सुरू व्हायचा. मागची खोली तशीच गार.

परत बोलावलं तर त्याने प्रेशर वाढवलं, १८५ डॉलर. "जोर लावला की वाफ लांब जाईल." साफ खोटं. घरातली वाफ अर्ध्या ते दीड पीएसआयवर (दाबाचं माप) चालते, जास्त दाबाने ती लवकर पोचत नाही, फक्त गॅस जळतो. मग सातही रेडिएटरचे व्हेंट (हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा) बदलले, प्रत्येकी ९५, म्हणजे ६६५ डॉलर. मागच्या खोलीचा व्हॉल्व्ह अर्धा फिरवून "बॅलन्स" केला. एका पाइपच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधे कधीच नाही. अर्ध्या व्हॉल्व्हमधून पाणी परत उतरू शकत नाही. शेवटी त्याने सगळं काढून गरम पाण्याचं हीटिंग करायचा २८,००० डॉलरचा कागद पुढे केला, तेव्हा नवऱ्याने त्याला दार दाखवलं.

मग जर्सी सिटीचा एक म्हातारा प्लंबर मिळाला, आयुष्यभर वाफेवर काम केलेला. तो आधी वर गेला. टेप लावून सगळे रेडिएटर मोजले, बेरीज ३१०. नव्या बॉयलरच्या पाटीवर ५०० च्या वर. जुना बरोबर मापाचा असणार, म्हणाला. बेसमेंटमध्ये मेन पाइपच्या टोकाला, सामानाच्या मागे, एक व्हेंट होता, रंगाच्या थरांनी बुजलेला. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा घेते. पण पाइप आधीच हवेने भरलेला असतो आणि ती हवा बाहेर पडल्याशिवाय वाफ पुढे सरकत नाही. आमची ती मागची खोली सगळ्यात लांबच्या टोकाला. त्याने दोन नवे मेन व्हेंट बसवले, प्रेशर खाली आणलं, बॉयलरमधल्या पाण्यावरचा तेलकट तवंग काढला. ४१० डॉलर. त्या रात्री सासूबाईंनी शाल काढून ठेवली.

आता सरकारी माणसांबद्दल. टाऊनच्या बिल्डिंग ऑफिसात गेले तर कळलं की परमिट काढलंच नव्हतं. ४५० डॉलर त्याने घेतले, पावती आमच्या हातात, आणि खिडकीतल्या बाईंचं उत्तर: घर तुमचं, जबाबदारी तुमची, दंड तुम्हाला होऊ शकतो. दंड आम्हाला! चोरी झालेल्यालाच कोर्टात उभं करायचा हा प्रकार. पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे. बँक म्हणाली, झेल तुम्ही स्वतः केलंत, परत मिळणार नाही. मोठ्या सरकारी खात्यात फोटो, पावत्या, मेसेज जोडून तक्रार केली. कित्येक आठवड्यांनी पत्र आलं: आपली तक्रार संबंधित व्यावसायिकाला पाठवली आहे, त्यांना ती मान्य नाही. बस. चोराला विचारलं, तो नाही म्हणाला, फाइल बंद. कर भरताना एक दिवस उशीर झाला तर हेच सरकार व्याज लावतं. फोनवर एकाने मलाच विचारलं, "तुम्ही आणखी एस्टिमेट का घेतली नाहीत?" घरात विषारी वायू आहे असं सांगितल्यावर कोण चार एस्टिमेट घेत बसतं?

पैसे झेलने देऊ नका. क्रेडिट कार्ड घ्यायला नकार देणाऱ्याला काम देऊ नका. परमिटचा नंबर स्वतः टाऊनला फोन करून विचारा, काम सुरू व्हायच्या आधी.

शेवटी वकील केली. ग्राहक फसवणूक कायद्यात सिद्ध झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाई आणि वकिलाची फी मिळू शकते, हे आम्हाला एकाही खिडकीवर कोणी सांगितलं नाही. स्मॉल क्लेम्सची (छोट्या दाव्यांच्या कोर्टाची) मर्यादा ५,००० डॉलर, त्यामुळे तिथे भागणारं नव्हतं. तांब्याचे पाइप काढून लोखंडी घालायचे आणखी ३,९०० डॉलर सांगितले आहेत, या वेळी परमिट आम्ही स्वतः काढलं आहे.

बॉयलर बदलायचं एस्टिमेट तुम्हालाही ग्रुपवरच्याच नंबरकडून मिळालं असेल आणि तो माणूस वर न जाता टेबलावर बसला असेल, तर तो कागद फेकू नका. मला कळवा. आमच्या वकिलांना असे आणखी कागद हवे आहेत.