मालवणच्या बाजारातला ‘डॉगो’ स्टिकर-संच: वापरून पाहिल्यावर

मालवणच्या बाजारपेठेत भेटवस्तू आणि वह्या-पुस्तके विकणाऱ्या एका छोट्या दुकानात सध्या कुत्र्यांविषयीच्या इंटरनेटी शब्दांचा एक स्टिकर-संच मिळतो. पाकिटात बारा स्टिकर आणि कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा एक सुती रुमाल असतो. किंमत १८० रुपये आहे. चित्रे दुकानाच्या मालकीणबाईंच्या मुलीने काढली आहेत आणि शब्द देवनागरीत, ठळक अक्षरांत छापले आहेत: डॉगो (कुत्रा), पपर (पिल्लू), बोर्क (भुंकणे), ब्लेप, म्लेम, स्प्लूट, बूप वगैरे. कुत्र्यांवर माया असणाऱ्या कोणीही हा संच जरूर घ्यावा असे माझे मत आहे. मात्र त्यातल्या एका स्टिकरबद्दल माझी गंभीर तक्रार आहे आणि ती पुढे सविस्तर मांडली आहे.

हे शब्द ज्यांच्या कानावरून गेलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. रस्त्यात दिसलेल्या अनोळखी कुत्र्यांची छायाचित्रे एकमेकांना दाखवण्यासाठी २००८ साली फेसबुकवर ‘डॉगस्पॉटिंग’ नावाचा गट सुरू झाला आणि अशा गटांमधून ही लाडिक बोली वाढत गेली. जपानमधल्या काबोसू या शिबा इनू जातीच्या कुत्रीचे २०१० मधले छायाचित्र २०१३ च्या सुमारास ‘डोज’ या नावाने जगभर पोहोचले. ही कुत्री २४ मे २०२४ रोजी वारली. नोव्हेंबर २०१५ मध्ये मॅट नेल्सन या अमेरिकी विद्यार्थ्याने ट्विटरवर ‘वी रेट डॉग्ज’ हे खाते उघडले आणि लोकांनी पाठवलेल्या प्रत्येक कुत्र्याला दहापैकी अकरा, बारा, तेरा असे गुण द्यायला सुरुवात केली. सगळ्याच कुत्र्यांना इतके गुण कसे मिळतात, अशी हरकत २०१६ मध्ये एकाने घेतली, तेव्हा ती चांगलीच कुत्री आहेत, एवढेच उत्तर त्याला मिळाले. संचातला ‘१३/१०’ हा स्टिकर तिथूनच आला आहे.

या बोलीचा मला भावणारा गुण असा की ती कुत्र्याची जात किंवा किंमत विचारत नाही, तो आत्ता काय करतो आहे एवढेच पाहते. चित्रकर्तीला हे नेमके उमगले आहे. ‘स्प्लूट’चा स्टिकर पाहा. पोट जमिनीला टेकवून, मागचे दोन्ही पाय सरळ मागे पसरून झोपणाऱ्या कुत्र्यासाठी हा शब्द आहे आणि उन्हाळ्यात थंड जमिनीला पोट लावून अंगातली उष्णता कमी करण्यासाठी कुत्री असे पसरतात. इंटरनेटवर या शब्दासोबत बहुधा आखूड पायांचा कॉर्गी दिसतो. इथे मात्र माडाच्या सावलीत, नुकत्याच सारवलेल्या खळ्यात एक काळा गावठी कुत्रा पसरला आहे. त्याच्या मागच्या पायांचे तळवे वर वळलेले आहेत आणि एका कानाच्या टोकाला लहानशी खाच आहे. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला ओळखीसाठी अशी खाच देतात. मी त्या खाचेकडे बोट दाखवताच मालकीणबाई अभिमानाने म्हणाल्या, “हो आमच्या दांडीवरचो काळू.” (दांडी हा मालवणचाच किनारा.) आपल्या किनाऱ्यावरचा खराखुरा कुत्रा इतक्या बारकाईने काढलेला मी याआधी कुठल्याही छापील वस्तूवर पाहिला नव्हता.

‘ब्लेप’ आणि ‘म्लेम’ यांतला फरकही चोख दाखवला आहे. जिभेचे टोक आत घ्यायचे विसरून तसाच बसलेला कुत्रा म्हणजे ब्लेप, आणि जीभ फिरवून नाक-ओठ चाटत असलेला म्हणजे म्लेम. म्लेमच्या चित्रात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढून झाली आहे, जाळ्यातून निसटलेली एक तारली वाळूत पडली आहे आणि दोन कुत्री माणसांचे लक्ष दुसरीकडे जाण्याची वाट पाहत आहेत. रापणीवर गेलेल्या कोणालाही ही नजर ओळखू येईल.

माझी तक्रार आहे ती ‘बूप’बद्दल. कुत्र्याच्या नाकाला बोट हलकेच टेकवणे म्हणजे बूप. घरच्या, ओळखीच्या कुत्र्याशी असा खेळ करण्यात काहीच वावगे नाही. परंतु या स्टिकरवर शाळेच्या गणवेशातले एक मूल जेटीवरच्या भटक्या कुत्र्याच्या नाकाला हात लावताना दाखवले आहे, आणि हे स्टिकर मुलेच वह्यांवर चिकटवणार आहेत. अनोळखी कुत्र्याच्या तोंडापाशी अचानक हात नेला तर तो घाबरून चावू शकतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून कुत्रा चावला किंवा त्याने ओरबाडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठावा. पुढच्या छपाईत त्या मुलाच्या जागी कुत्र्याचा मालक आणि कुत्र्याच्या गळ्यात पट्टा एवढा बदल केला तरी चित्राची गोडी तशीच राहील. मी हे दुकानात सांगितले आणि त्यांनी ते मनापासून ऐकून घेतले.

‘फ्लूफ’साठी, म्हणजे झुबकेदार केसांच्या कुत्र्यासाठी, काढलेला बर्फाळ प्रदेशातला हस्की मला या संचात परका वाटला. दाट केसांच्या अशा जाती कोकणच्या दमट उकाड्यात हाल सोसतात आणि त्यांची हौस वाढवू नये असे मला कळकळीने वाटते. शिवाय ‘भुभू’ आणि ‘यू यू’ यांना एखादा स्टिकर मिळायला हवा होता, कारण आपल्याकडची लहान मुले कुत्र्याशी पहिल्यांदा याच शब्दांत बोलतात.

वस्तू म्हणून संच दोन प्रकारांत मिळतो. कागदी स्टिकर खाऱ्या हवेत लवकर कडा सोडतात. माझ्या खिडकीच्या काचेवरचा तर पावसाळा सुरू होताच गळून पडला. प्लास्टिकचा प्रकार ४० रुपयांनी महाग आहे, परंतु स्कूटरच्या डिकीवर संपूर्ण पावसाळा टिकला आणि त्याचा रंगही उतरला नाही. रुमालाचे कापड मऊ आहे, मात्र पहिल्या धुण्यात लाल रंग जातो, तेव्हा तो वेगळा भिजवावा. बांधताना गळा आणि रुमाल यांच्यामध्ये दोन बोटे सहज जातील इतकी सैल गाठ मारावी आणि कुत्रा समुद्रात शिरणार असेल तर रुमाल आधी काढून ठेवावा, कारण ओले खारट कापड घासून मानेखालची कातडी सोलते.

दुकान दुपारी १ ते ४ बंद असते. प्लास्टिकचे संच समोर मांडलेले नसतात, ते दुकानात मागावे लागतात.