डायलवालं बीपी ॲपरेटस: घणसोली ते नेपाळ, नऊ महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये थर्ड इयरचं कम्युनिटी पोस्टिंग सुरू होण्याआधी ठाणे स्टेशनजवळच्या एका सर्जिकल दुकानातून हे ॲपरेटस घेतलं. बाराशे रुपये, सोबत एकच ॲडल्ट कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा). जानेवारीत चार आठवडे ते माझ्याबरोबर नेपाळलाही आलं. एका डोंगराळ गावातल्या स्वास्थ्य चौकीत (छोट्या दवाखान्यात) आम्ही चौघी विद्यार्थिनी आणि मॅडम स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. आमच्याकडे काम ठरवून दिलेलं होतं: वजन, बीपी आणि रजिस्टर. इंजेक्शनला हात लावायचा नाही.

आधी घणसोली. पावसाळ्यात दिवसाला तीस-चाळीस बीपी घेतले. व्हॉल्व्ह उत्तम आहे, सेकंदाला दोन-तीन अंक इतक्या सावकाश हवा सोडता येते. दमट हवेत नळी जराशी चिकट झाली, पण गळती नाही. अडचण कफची. त्यावर २७ ते ३४ सेंमी असं माप छापलंय आणि इथल्या बऱ्याच काकूंचे दंड त्याहून जाड. कफ अपुरा पडला की बीपी उगाच जास्त दिसतं. मोठा कफ मला वेगळा घ्यावा लागला.

नेपाळात नेमकं उलटं. तिथल्या म्हाताऱ्या आमांचे दंड इतके बारीक की माझा कफ सैल पडायचा, आणि मोठ्या कफने आकडा कमी येतो. चौकीतला लहान कफ जोडून काम भागवलं. चौबंदी चोलीची बाही घट्ट असते. वर सरकवली तर दंड दोरीने आवळल्यासारखा होतो. म्हणून पडद्याआड एक हात बाहीतून पूर्ण बाहेर काढायला सांगायचो. शालींची लोकर वेल्क्रोत अडकून कफ सुटायला लागला, तेव्हा दर शनिवारी सुई घेऊन एकेक धागा ओढून काढला. तासभर चढण चढून आलेल्या बाईला आधी पाच मिनिटं बसवायचं. 'टाउको दुख्छ' यातलं दुखणं लगेच कळलं, 'रिंगटा लाग्छ' म्हणजे चक्कर येते हे मात्र विचारावं लागलं. वीज गेली, सेल संपले, तरी हे चालतं, ही जमेची मोठी बाजू.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या आठवड्यात ॲपरेटस बाकावरून फरशीवर पडलं. काटा शून्यावर होता, म्हणून मी तसंच वापरत राहिले. दोन दिवसांनी एका गरोदर बाईचं बीपी मी १३०/८२ लिहिलं. तिच्या पायांवरची सूज बघून अनमी (तिथल्या नर्स-सुईण) दिदींनी चौकीच्या ॲपरेटसवर पुन्हा घेतलं: १४२/९४. वाय आकाराची जोडनळी लावून दोन्ही डायल एकाच कफला जोडले. ६०, १००, १५०, तिन्ही ठिकाणी माझा काटा १२ ने मागे. काही डायलमध्ये शून्यापाशी बारीक खिळा असतो, काटा त्याच्या खाली जाऊच शकत नाही. माझ्या डायलमध्ये तो होता. बिघाड झाला होता आणि काटा खिळ्याला टेकून शून्य दाखवत होता.

त्या बाईच्या लघवीत प्रोटीन निघालं, त्याच दुपारी तिला जीपने मोठ्या रुग्णालयात पाठवलं. उरल्या ॲपरेटस पडल्यानंतरच्या, रजिस्टरमधल्या १८ नोंदी. नेपाळमध्ये १९८८ पासून गावोगावी महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका आहेत. आपल्या आशाताई २००५ नंतरच्या. तिथल्या दोघी स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन सगळ्यांना परत बोलावलं. मी प्रत्येकीची माफी मागून पुन्हा बीपी घेतलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

परतल्यावर दुकानदाराने पडल्याचं कारण देऊन वॉरंटी नाकारली. ते मान्य. पण डायलमध्ये खिळा आहे आणि तो बिघाड लपवू शकतो, हे विकताना सांगायला हवं होतं. कफ आणि हवा भरायचा रबरी बल्ब तेच ठेवून मी बिनखिळ्याचा डायल बसवून घेतला. आता तुर्भ्याच्या पोस्टिंगला दर सोमवारी कॉलेजच्या ॲपरेटसशी ताडून बघते. फरक तीनच्या वर गेला की वापर बंद.

घेणार असाल तर दुकानातच हवा पूर्ण काढून काट्याजवळ खिळा आहे का बघा, आणि दंड टेपने मोजूनच कफ निवडा. पुढच्या हिवाळ्यात ज्युनिअर मुली त्याच चौकीत जाणार आहेत. तीन मापांचे कफ आणि जोडनळी त्यांच्या बॅगेत मी स्वतः भरून देणार आहे.