नऊ महिने वापरल्यावर: प्रोजेक्टर चांगला, पण तो डाग!

शनिवारी रात्री ‘कोर्ट’ (२०१४) हा सिनेमा पुन्हा लावला. शेवटाकडे उन्हाळ्याच्या सुटीसाठी न्यायालय बंद होतं, दिवे मालवले जातात आणि पडदा काळोखात बुडतो. माझ्या भिंतीवर मात्र उजव्या कोपऱ्यात, रुपयाच्या नाण्याएवढा एक राखाडी ठिपका तसाच तरंगत राहिला. सगळा प्रसंग हातचा गेला. म्हणून लिहायला बसले.

ल्युमेन (उजेडाचं माप) वगैरे सगळ्यांना पाठ असतं, ते सोडून देते. पुण्याच्या तापकीर गल्लीतून १६,५०० रुपयांना घेतला, १०८०पी (फुल एचडी), एकच एलसीडी पॅनल, म्हणजे चित्र जिच्यावर तयार होतं ती आतली छोटी काच. घेण्याचं कारण एवढंच, की पिफमध्ये (पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) रांगा लावून जे पाहायचं, तसलेच सिनेमे उरलेलं वर्ष मोबाइलवर पाहत होते.

पहिले चार महिने मी याचं कौतुक सांगत फिरत होते. ‘रोमा’ (२०१८) सुरू होतो तो नुसत्या फरशीवर. पाणी ओतलं जातं, त्यात आकाश दिसतं आणि त्या प्रतिबिंबातून एक विमान जातं. मोबाइलवर ते विमान मला दिसलंच नव्हतं! भिंतीवर दिसलं आणि अंगावर काटा आला. ‘कोर्ट’मधली सरकारी वकीलबाई लोकलने घरी येऊन स्वयंपाकाला लागते, ते पाहून आई म्हणाली, “अगं, ही तर आपल्यातलीच आहे.”

पाचव्या महिन्यात डाग आला. आमच्या गल्लीत तेव्हा रस्ता खोदलेला होता. यातला पंखा बाहेरची हवा आत ओढतो, पॅनल आणि भिंगं असतात ती आतली पेटी सीलबंद नाही, त्यामुळे धूळ थेट पॅनलवर बसते. मारधाडीच्या सिनेमात हा डाग कळणारही नाही, कारण तिथे चित्र सारखं बदलतं. पण ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो. मागच्या बाकावर कोण पेंगतंय, कोण कागद चाळतंय, हे आपण आपलं शोधायचं असतं. नजर अशी मोकळी फिरायला लागली की दर वेळी त्या डागावरच जाऊन अडते.

सर्व्हिसवाले म्हणाले, “मॅडम, धूळ वॉरंटीत येत नाही.” साफसफाईचे १,८०० रुपये. मी म्हटलं, पेटी उघडी तुम्ही ठेवलीत, मग धुळीचे पैसे मी का भरू? तीन फेऱ्या झाल्या, रिक्षाचेच साडेचारशे गेले. उपयोग शून्य.

इथपर्यंत रविवारी लिहिलं होतं. काल भावाने मागचे चार स्क्रू काढून कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने फुंकर मारली. डाग गेला! लगेच ‘कोर्ट’चा तोच प्रसंग लावला, तर काळोख अजूनही राखाडीच. म्हणजे निम्मा दोष डागाचा नव्हताच. या पॅनलमधून प्रकाश थोडा झिरपतोच, आणि पांढरीशुभ्र भिंत तो खोलीभर परत फेकते. मी पाच महिने सगळं खापर डागावर फोडत होते. ब्राइटनेस साठवर आणला, समोरच्या कपाटाच्या आरशावर चादर टाकली, तेव्हा कुठे काळा जरा काळा दिसला.

त्यामुळे मत थोडं बदललंय. चित्राला मी आता नावं ठेवणार नाही. पण उघड्या पेटीचं मशीन पुण्याच्या धुळीत घेऊ नका. दोन-तीन हजार जास्त गेले तरी सीलबंद पेटीचंच घ्या, आणि दुकानदाराला हे बिलावर लिहून मागा.

आता हंगेरियन दिग्दर्शक बेला टारचा ‘द ट्युरिन हॉर्स’ (२०११) राहिलाय. जवळजवळ अडीच तास आणि शॉट जेमतेम तीस. त्यात शेवटी तेल असूनही दिवा पेटत नाही, बाप-लेक अंधारात बटाट्यांपुढे बसून राहतात. तो मी मुद्दाम मागे ठेवलाय. आधी भिंतीला राखाडी डिस्टेंपर मारून घेते. रंगारी गुरुवारी येतोय.