‘आम्ही बाहेरचा नर घेतच नाही’

५५,०७० रुपये बुडाले. बायकोला मी चाळीस हजार सांगितलेत, त्यामुळे खरा आकडा पहिल्यांदा इथेच लिहितोय.

२०१९ मध्ये इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांच्या फसवणुकीचं प्रकरण फुटलं, तेव्हा पारावर बसून ‘लोकांना अक्कल कशी नाही’ म्हणणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो. म्हणून ही स्कीम कशी असते ते समजावत बसत नाही. पिल्लं त्यांची, माल उचलणार तेच, आणि मध्ये आपण. माझ्या बाबतीत कोंबडीऐवजी जपानी लाव्ही, म्हणजे बटेर होती, एवढाच फरक. पाच-सहा आठवड्यांत विक्रीला येते, जागा कमी लागते, हे सगळं खरंच आहे. खऱ्यात खोटं मिसळलं की पचायला सोपं जातं.

एक दिवसाची १,५०० पिल्लं, २४ रुपयांनी ३६,०००. ‘करार शुल्क’ १५,०००. गाडीभाडं २,२००. पुढे खाद्याची ९ पोती, २,३०० प्रमाणे २०,७००. एकूण ७३,९००. बाजारात पिल्लू याच्या निम्म्या भावात मिळत होतं, हे मला माहीत होतं. मग जास्त का दिले? कारण पिल्लं विकणारा हॅचरीवाला म्हणाला, ‘आमची शुद्ध लाइन आहे.’

इथंच माझं थोबाड फोडावंसं वाटतं. हॅचरी बघायला आबांना सोबत नेलं होतं. आबांनी आयुष्यभर शेळ्या राखल्या. दर दोन वर्षांनी बोकड बदलायचा, घरच्या शेळीवर घरचा बोकड सोडायचा नाही, हे आमच्या माणदेशात पोरासोरांनाही कळतं. शेड बघून झाल्यावर आबांनी एकच प्रश्न विचारला, ‘नर कुठनं आणता?’ मालक छाती पुढे काढून म्हणाला, ‘आबा, आठ पिढ्या झाल्या, आम्ही बाहेरचा नर घेतच नाही. सगळं घरचं रक्त.’

आबा माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, बीएस्सी झालेला शहाणा, त्यांना म्हणालो, ‘आबा, ही शेळी नव्हे, यातलं तुम्हाला कळायचं नाही.’ मालकासमोर.

लाव्हीला तर जवळचं रक्त शेळीपेक्षाही कमी सोसतं. सख्ख्या भावंडांतच पैदास करत राहिलं तर दोन-तीन पिढ्यांत वंश बुडायला येतो. अंडी उबत नाहीत, उबली तर पिल्लं जगत नाहीत. हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला कुणी हात धरला होता?

पिल्लं रात्री साडेनऊला आली. जेमतेम सात-आठ ग्रॅमचं पिल्लू, अंगठ्याएवढं. पहिल्याच खोक्यात एकाच्या पायाची बोटं मुठीसारखी आत वळलेली. दुसऱ्याच्या चोचीची वरची-खालची टोकं कात्रीसारखी एकमेकांवरून गेलेली. एक मान पाठीला लावून सारखं वर बघत होतं, हात लावला की उलटं गडगडायचं. काहींची बेंबी ओली, पोट निळसर. फोन केला तर म्हणे, ‘प्रवासाचा ताण आहे दादा, गुळाचं पाणी द्या.’ मी दिलं!

सकाळपर्यंत १४० मेली. आठव्या दिवशी मोजली तेव्हा ६०० उरली होती.

आता ‘तुमचंच ब्रूडिंग, म्हणजे पिल्लांना ऊब देणं, चुकलं असेल’ म्हणणाऱ्यांसाठी. ब्रूडरला थर्मामीटर होता, ३६ अंश. खाली गुळगुळीत कागद नव्हता, गोणपाट होतं, कारण कागदावर पाय फाकतात हे मला ठाऊक होतं. बुडू नयेत म्हणून पाण्याच्या भांड्यात गोट्या टाकल्या होत्या. ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं की वळलेली बोटं आणि उलटी मान जीवनसत्त्वाच्या कमतरतेनंही होते, पण खोकं उघडतानाच दिसली तर ती कमतरता आई-बापाच्या खाद्यात, नाहीतर दोष रक्तात. माझ्या शेडचा त्यात संबंध नाही. ओल्या बेंबीचं कारण बहुतेक वेळा घाण अंडी आणि घाण मशीन. म्हणजे हॅचरीला जाल तेव्हा पिल्लं बघू नका, मशीनमध्ये चाललेली अंडी बघा. मी चहा पीत बसलो होतो.

पाचव्या आठवड्यात वजन भरलं सरासरी १३० ग्रॅम. करारात बारीक अक्षरात ‘किमान १८० ग्रॅम’. माल उचलला नाही. शेवटी ५३८ पक्षी ढाबेवाल्यांना ३५ रुपयांनी दिले, १८,८३० आले.

मग सुरू झाली वारी. पोलीस म्हणाले, ‘करार केलाय ना? हा दिवाणी मामला.’ पैसे फोनवरून गेले म्हणून सायबरवाल्यांकडे गेलो, तर ‘तुम्ही स्वतःच पाठवलेत, यात सायबर काय?’ पशुसंवर्धनवाल्यांनी मेलेली पिल्लं ताजी आणायला सांगितली. बर्फात घालून ४० किलोमीटर नेली, तर शनिवार, साहेब नाहीत. सोमवारी साहेब भेटले, पिशवी वासाला लागलेली. ‘लाव्ही आमच्या योजनेत बसत नाही, वनखात्याला विचारा.’ वनखात्यातल्या कारकुनानं मलाच विचारलं, ‘पक्षी कुठून पकडले?’ जंगली लाव्ही पकडणं गुन्हा आहे, हे त्यानं मला दहा मिनिटं ऐकवलं. रानातली वेगळी आणि माझ्या पिंजऱ्यातली जपानी वेगळी, हे मी त्याला पटवतोय! फसवणाऱ्याकडे एक फेरी, दाद मागणाऱ्याला अकरा. त्या अकरा फेऱ्यांचं पेट्रोल वरच्या हिशोबात धरलेलं नाही.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. धंद्यासाठी घेतलं म्हणून उडवतील असं सगळे म्हणाले, पण पोटापाण्याचा स्वयंरोजगार असेल तर कायद्यात सूट आहे, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. पिल्लं उतरवताना व्हिडिओ काढा, तारीख दिसली पाहिजे. माझ्याकडे तिसऱ्या दिवसाचे फोटो आहेत, आणि समोरचा वकील तेवढंच धरून बसलाय. पक्कं बिल नसेल तर खोकं गाडीतून उतरवू नका. आणि नर कधी, कुठून बदलला हे विचारा. उत्तर अभिमानानं आलं तर चहा न पिता उठा.

हॅचरीवाल्याचा नंबर अजून चालू आहे. काल भावकीतला एक पोरगा मोबाईल घेऊन आला, त्याचं स्टेटस दाखवायला. खोक्यात चिवचिवणारी पिल्लं, खाली ‘शुद्ध लाइन, मोजकीच शिल्लक’. म्हणाला, ‘नाना, घेऊ का? तुम्ही केलंय ना हे?’ आबा ओट्यावर बसले होते. त्याला म्हणाले, ‘आधी नानाला आकडा विचार. खरा.’