झाकणाची कोळशाची ग्रिल: नऊ महिने आणि रिब्सच्या अकरा पट्ट्या

नोव्हेंबरात १८ इंची, गोल झाकणाची कोळशाची ग्रिल घेतली, ती पोर्क रिब्ससाठीच, म्हणजे डुकराच्या बरगड्यांसाठी. बोरिवलीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर, सोसायटीला विचारून, महिन्यातून एखाद-दुसऱ्या रविवारी पेटवतो. त्याआधी कोळशावर मी फक्त मक्याची कणसं भाजली होती.

पहिल्यांदा रिब्सही कणसांसारख्याच भाजल्या. निखारे सगळीकडे पसरले, झाकण उघडं. पाऊण तासात गुळाचा सॉस जळून कडू झाला आणि मांस हाडाला घट्ट धरून बसलं. घरच्यांनी खाल्लं, पण मला फार वाईट वाटलं. बरगडीचं मांस चिवट असतं. त्यातलं कोलॅजन, म्हणजे मांसाला चिवटपणा देणारं प्रथिन, विरघळून मांस मऊ व्हायला आतलं तापमान ९० अंशांच्या आसपास जावं लागतं, तेही सावकाश.

आता निखारे एका कडेला, दुसऱ्या कडेला खाली पाण्याचा ट्रे, त्यावर जाळीवर रिब्स, आणि झाकण बंद. वरची झडप पूर्ण उघडी ठेवून खालच्या झडपेने आच सांभाळतो. ती केसभर फिरवली तरी फरक पडतो, पण कळायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मी सुरुवातीला दर दोन मिनिटांनी फिरवायचो, त्यामुळे आच कधी स्थिर झालीच नाही. झाकणावरच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. माझ्याकडचा १५० दाखवतो तेव्हा जाळीवर १२० असतं. जाळीवर ठेवायचा वेगळा थर्मामीटर घेतला आणि तिथून खरं शिकायला लागलो. ११० ते १२५ अंशांत पाच तास, त्यातले मधले दीड-दोन तास फॉइलमध्ये गुंडाळून. सॉस शेवटच्या वीस मिनिटांतच.

मांस मालाडच्या ओर्लेमहून आणतो. तिथले काका सवयीने विंदालूचे तुकडे करायला सुरा उचलतात, म्हणून आधीच सांगतो, "काका, पट्टी अख्खी राहू द्या." हाडांच्या बाजूचा पातळ पापुद्रा घरी काढतो. त्याचं टोक सुरीने सोडवून कागदी रुमालात धरून ओढलं की सरसर निघतो. तो राहिला तर मसाला त्या बाजूने लागत नाही आणि खाताना रबरासारखा लागतो. मसाल्यात मीठ, गूळ पावडर, मिरी आणि बॉटल मसाला, म्हणजे मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला बाटलीत भरून ठेवायचा मसाला. हा मसाला धुराबरोबर इतका सुंदर लागतो की तयार अमेरिकन रबची (मांसाला चोळायच्या कोरड्या मसाल्याची) पाकिटं मी परत आणलीच नाहीत.

पावसाळा मात्र कठीण गेला. जूनमध्ये पोत्यातला कोळसा दमट झाला. पेटायला पाऊण तास, आणि नुसता पांढरा कडवट धूर. आता कोळसा झाकणाच्या पिंपात असतो. पेटवायला रॉकेल किंवा पेटवायचं द्रव वापरत नाही, वास मांसात उतरतो. चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात, खाली वर्तमानपत्र पेटवलं की पुरतं. पाऊस आला म्हणून ग्रिल बंद बाल्कनीत मात्र चुकूनही नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काम झाल्यावर दोन्ही झडपा बंद केल्या की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी चालतो. तीन पायांतला एक महिन्याभरात डुगडुगायला लागला. विक्रेत्याने दाद दिली नाही, शेवटी मीच वॉशर घालून आवळला. जाळीवर गंज आला होता, तो घासून तेल लावतो. पुन्हा घेतली तर २२ इंची घेईन. १८ इंचीत एका कडेला निखारे ठेवले की अख्खी पट्टी मावत नाही, मधोमध कापावी लागते.