टाइमशेअरच्या हिशेबात न लिहिलेला आकडा

मोफत भेटवस्तूचे आमंत्रण, तीन तासांचे आर्जव आणि ‘ही किंमत फक्त आजच’ हा धोशा, हे सारे कसे चालते ते बहुतेकांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते. तरीही टाइमशेअरच्या, म्हणजे दरवर्षी ठरावीक रात्री रिसॉर्टमध्ये राहण्याच्या हक्काच्या, ३,८५,००० रुपयांच्या सदस्यत्वावर मी सही केली आणि म्हणून हे लिहिताना संतापाइतकीच लाज वाटते आहे.

विक्रेत्याने कोऱ्या कागदावर हिशेब मांडला होता: वर्षाला सात रात्री, पंचवीस वर्षे, म्हणजे १७५ रात्री, आणि रात्रीला अवघे २,२०० रुपये. मी बावीस वर्षे लेखा विभागात काम केले आहे. भागाकार मनातल्या मनात तपासला, तो बरोबर होता, आणि तिथेच माझी खात्री पटली. सहीपूर्वी मी तो कागद घडी घालून खिशात ठेवू लागलो, तेव्हा त्याने हसत हसत तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, “सर, हे नुसते रफ आहे, खरे सगळे करारात आहेच.” त्या क्षणी मी उठायला हवे होते. ज्याला आपल्या आकड्यांची खात्री आहे तो माणूस ते परत का मागेल? पत्नीने माझ्याकडे पाहिलेही, पण समोरच्या तरुणाला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून मी गप्प राहिलो. तीन वर्षे झाली, तरी तो कागद हातातून सुटल्याची जाणीव मला रात्री जागे करते.

त्या कागदावर वार्षिक देखभाल शुल्काची ओळच नव्हती. पहिल्या वर्षी ते १४,८०० रुपये होते, म्हणजे सात रात्रींवर वाटले तर रात्रीला आणखी सुमारे २,११४. दुसऱ्या वर्षी १६,३००, तिसऱ्या वर्षी १७,९००. तुम्ही जा किंवा जाऊ नका, ते भरावेच लागते, आणि दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढणारी रक्कम साधारण सात-आठ वर्षांत दुप्पट होते. कोणी असे सदस्यत्व विकायला आला तर खरेदीची किंमत क्षणभर बाजूला ठेवा आणि केवळ देखभाल शुल्काची तुलना त्याच दर्जाच्या हॉटेलच्या भाड्याशी करा.

मी कार्डाने ७५,००० भरले आणि उरलेल्या ३,१०,००० साठी १०,२०० रुपयांचे छत्तीस हप्ते, म्हणजे ३,६७,२०० रुपये. ‘बिनव्याजी’ हा शब्द तोंडी होता, कागदावर नव्हता. देखभाल शुल्क धरून एकूण ४,९१,२०० रुपयांत आम्हाला तीन वर्षांत मिळाल्या चार रात्री. आमचे सदस्यत्व मधल्या हंगामाचे; मुलांच्या सुट्ट्या पडतात गर्दीच्या हंगामात, आणि आरक्षण ‘उपलब्धतेच्या अधीन’. हे दोन शब्द करारात दिसले की पेन खाली ठेवा.

ही व्यवस्था मुळातच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांना सुट्टी कधीही काढता येते, जे दरवर्षी न चुकता जातात आणि अनेक महिने आधी आरक्षण करतात, त्यांना प्रशस्त जागा मिळते व तिचा उपयोगही होतो. पण ही गुंतवणूक नव्हे. बहुतेक वेळा तुम्ही वापराचा हक्क घेता, मालमत्ता नाही, आणि तो पुन्हा विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळत नाही. हे मला आणखी ३८,५०० रुपये घालवून कळले: ‘तुमच्या सदस्यत्वाला ग्राहक तयार आहे’ असा फोन आला, हस्तांतर शुल्क आगाऊ मागितले, आणि पैसे पोहोचताच तो क्रमांक बंद झाला. विकून देतो म्हणणाऱ्याला आगाऊ एक रुपयाही देऊ नका.

करारात दहा दिवसांत रद्द करण्याची मुभा होती, पण मुदत सहीच्या तारखेपासून, आणि कराराची प्रत कुरिअरने आली सतराव्या दिवशी. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार ग्राहकाला चौदा दिवस माघारीचा हक्क असतो आणि त्या काळात आगाऊ पैसे घेताच येत नाहीत. आपल्याकडे दहा दिवस मोजण्याची रीतही विकणाराच ठरवतो! प्रत हातात पडल्याशिवाय सही करू नका.

पोलीस ठाण्यात दोनदा गेलो. ‘सही तुमचीच ना? मग हा दिवाणी मामला,’ एवढेच उत्तर. फोनवरच्या भामट्याबद्दल सांगितले तर दुसऱ्या कक्षाकडे पाठवले, तिथून पुन्हा पहिल्याकडे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती कंपनीकडे गेली, ‘सर्व काही करारानुसार’ असे एक ओळीचे उत्तर आले आणि तक्रार निकाली निघाली. मला एक प्रश्नही कोणी विचारला नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, म्हणून तिथे अर्ज केला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो की साध्या तक्रारी शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढाव्यात. माझ्या तक्रारीला चौदा महिने झाले असून सहा तारखांपैकी चार तारखांना कंपनीचा वकीलच आला नाही, आणि प्रत्येक वेळी त्याला मुदतवाढ मिळाली; मी मात्र प्रत्येक वेळी रजा टाकून हजर होतो. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे असते. कंपनीच्या ‘पाहतो, कळवतो’ वर विसंबून ती घालवू नका, आणि प्रत्येक बोलणे ईमेलवर आणा.

चौथ्या वर्षाच्या देखभाल शुल्काची नोटीस गेल्या आठवड्यात आली: १९,७०० रुपये, विलंबाचे व्याज वेगळे. ती मी भरलेली नाही. तिची प्रत पुढच्या तारखेला आयोगापुढे ठेवणार आहे.